बाबलमामाची थप्पी

गेल्या मे महिन्यात मी माझ्या सख्ख्या मामाला ‘गाडीत जागा नाही’ असं सांगून मुंबईत ठेवलं आणि बाकी सगळ्यांना घेऊन गावाला गेलो. गाडीत जागा होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मामाच्या गमती सांगायला लागलो की तुम्ही हसाल, मलाही हसू येईल, आणि मग हे सांगायचा धीर होणार नाही. आणखी एक, ज्या गावाला गेलो ते गाव मामाचं. गाव त्याचं, माहेर माझ्या आईचं. माझी होती ती फक्त गाडी.

मामाचं नाव बाबल. वय अठ्ठ्याहत्तर. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. मामी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात त्याने पस्तीस वर्षं मुकादमी केली. ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरायच्या आणि हमालांकडून त्या एकावर एक रचून घ्यायच्या, हे त्याचं काम. अशा रचलेल्या ढिगाला गोदामात थप्पी म्हणतात. मामा रिटायर झाला, पण जगातली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस कुठेतरी रचायचा आहे, या नजरेनेच तो अजून बघतो.

माणसांचं माप तो गाठींत सांगतो. माझं लग्न ठरलं तेव्हा मी वृषालीला त्याच्या पाया पडायला घेऊन गेलो. मामाने तिला दारातच एकदा वरून खाली बघितलं आणि माझ्या आईला म्हणाला, “पाऊण गाठ. पण दाबून भरलेली.”

वृषाली माझ्यामागून जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, “हे कौतुक होतं की काय होतं?”

कौतुकच होतं. दाबून भरलेली गाठ फुटत नाही, वाहतुकीत टिकते. पण हे नव्या नवरीला समजावून सांगणं कठीण होतं. मी आजतागायत अर्धी गाठ आहे. “नंद्या, तू आकाराने एक आहेस, पण आत माल अर्धाच,” असं तो मला मी सरकारी नोकरीत लागलो त्या दिवशी म्हणाला होता.

आमच्या अँटॉप हिलच्या क्वार्टरमध्ये तो आला की सगळ्यांत आधी फ्रिज उघडतो. एकदा आम्ही दोघं ऑफिसात असताना त्याने अख्खा फ्रिज नव्याने लावला. संध्याकाळी बघतो तर एक पूर्ण कप्पा रिकामा. दार उघडून उभा राहून तो अभिमानाने म्हणाला, “बघ. हवेला जागा ठेवायची. माल दाबून भरला की आतून तापतो. बाहेरून हात लाव, थंडगार.” फ्रिजला हे कसं लागू पडतं असं विचारायची सोय नव्हती. पुढे दोन दिवस आम्हाला दही सापडलं नाही.

त्याच्या चाळीखाली मसाला कुटायचा डंक आहे. मे महिन्यात तिथे मिरच्यांची पोती येतात. मामा रोज सकाळी खाली उतरून पोत्यांपुढे उभा राहतो, मान हलवतो, शिंकतो आणि म्हणतो, “तिसरा थर आडवा घ्या.” डंकवाला सुरुवातीला चहा देऊन त्याला वाटेला लावायचा. एकदा चहा द्यायला उशीर झाला आणि चौथ्या थरावरचं पोतं घसरून वजनकाट्यावर पडलं. तेव्हापासून चहा मिळतो तो पोती लावायच्या आधी.

हे सगळं वर्षभराचं. मामाचा खरा सीझन एप्रिलमध्ये सुरू व्हायचा. मुलांच्या परीक्षा संपल्या की आम्ही सगळे गाडीने गावाला जायचो. आधी भाड्याच्या गाडीने, तीन वर्षांपूर्वी मी सात सीटांची जुनी गाडी घेतल्यापासून माझ्याच गाडीने. मी, वृषाली, आई, आमची रेवा आणि ओम, माझी बहीण सुजाता आणि बाबलमामा. बरोबर सात. जायच्या आधीच्या रविवारी मामा सगळ्यांना लालबागला बोलवायचा. कशाला? तर तालमीला.

मामा चाळीच्या गॅलरीत खडूने गाडी काढायचा. वितीने मोजून, पुढच्या सीटा, मधल्या सीटा, मागच्या सीटा, त्यामागे सामानाची जागा. गॅलरी रुंदीला कमी पडायची, त्यामुळे गाडीचं उजवं अंग शेजारच्या गावडेकाकूंच्या उंबऱ्यातून आत जायचं आणि ड्रायव्हर म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसायचो.

“गाडी सुटली का हो, बाबलभाऊ?” काकू माझ्या डोक्यावरून वाटी पलीकडे नेत विचारायच्या.

“सुटतेय. पाऊण गाठ अजून साडी सावरतेय.”

मग प्रत्येकाने आपापल्या चौकोनात बसायचं, मांडीवर आपापली पिशवी घ्यायची, आणि मामा गॅलरीच्या कठड्याला टेकून पाच मिनिटं नुसता बघायचा. ओमला उचलून इकडून तिकडे ठेवायचा. मुलांना हा खेळ फार आवडायचा. रेवा लहान असताना खडूच्या गाडीत बसून खरोखरच उलटी येतेय म्हणाली होती.

माझ्या मात्र डोक्यात जायचं. तालमीचं मी चालवून घेत होतो, खरा ताप प्रवासात व्हायचा. मामा मागच्या सीटवर सामानाला पाठ लावून बसायचा आणि दर पाऊण तासाने ओरडायचा, “थांबव! थप्पी हलली!”

मग गाडी थांबवायची. एखादा पेट्रोल पंप नाहीतर हॉटेल बघून थांबवायची. “उतरा, सगळे उतरा, वजन कमी करा, माल बसू दे. सुमा, तू पण उतर. चार पावलं चाल.” सुमा म्हणजे माझी आई. सगळे उतरले की मामा डिकी उघडून बॅगांवर तळहात मारायचा, कान लावायचा, डॉक्टर छाती तपासतात तसा. मग कुठेतरी मागे चक्कर मारून यायचा. कधी चक्कर मारून आला की म्हणायचा, “इथे नको. पुढे चल.” म्हणजे थांबायला लावायचं, सगळ्यांना उतरवायचं आणि दोन मिनिटांत परत बसवायचं. भर उन्हात. विचारलं तर, “इथली जमीन उताराची आहे, माल बसणार नाही.”

आमच्या ऑफिसात कोकणातले बरेच आहेत. जूनमध्ये सगळे परत आले की कोण किती तासांत पोचला याची चर्चा होते. कोणी नऊ तास सांगतो, कोणी साडेआठ. आम्हाला चौदा लागायचे. “काय रे, चालत गेलास का?” असं विचारायचे. मी हसायचो, पण लागायचं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढ्या गोष्टीचं लागावं हे आता लिहिताना विचित्र वाटतं, पण लागायचं.

एप्रिलच्या शेवटी मामाचा फोन आला. “काय रे, तालीम कधी ठेवू? गावडेबाई विचारतायत. त्यांना त्या रविवारी पापड घालायचेत.”

मी आधी काही ठरवलं नव्हतं. एकदम तोंडातून गेलं, “मामा, यंदा सुजाताचे मिस्टर पण येतायत. गाडी फुल्ल आहे.”

मामाने पलीकडे माप घेतलं. मग म्हणाला, “विलासराव? उंच माणूस. दीड गाठ.”

“हो ना.”

“मग बरोबर. मग नाही बसत.” मग जागाही नेमून दिली. “त्यांना मधल्या सीटवर डावीकडे बसव. गुडघे लागतात उंच माणसाचे.”

मी ‘हो’ म्हणालो आणि फोन ठेवला. विलासराव त्या आठवड्यात नागपूरला होते. गावाला येण्याचा विषयही कधी निघाला नव्हता.

घरी सांगताना मी वेगळंच सांगितलं. “मामा नको म्हणतोय यंदा. ऊन सोसत नाही म्हणाला.” वृषालीने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. आई म्हणाली, “असं कसं? मी बोलते त्याच्याशी.” पण तिने फोन केला तेव्हा मामा म्हणाला, “हो गो, सुमा. ऊन सोसत नाही आता.” मी सुटलो. त्याला मी एक सांगितलंय आणि आईला दुसरं, हे त्याला त्या क्षणी कळलं असणार, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, आणि मी तिथे थांबलो नाही.

पहाटे पाचला निघालो. मागच्या सीटवर रेवा आणि तिच्या शेजारची जागा रिकामी. पनवेलच्या पुढे सुजाताने एक मोठं कलिंगड घेतलं. ते पायात गडगडायला लागलं म्हणून रेवाने त्या रिकाम्या सीटवर ठेवलं आणि त्याला बेल्ट लावला. सगळे हसलो. मी सगळ्यांत जोरात हसलो. गाडी मस्त पळत होती. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, कोणी ओरडलं नाही. कोलाडच्या आसपास आईने हळूच विचारलं, “कुठे थांबणार आहोत रे?”

“महाडला. डायरेक्ट जेवायलाच थांबू.”

“बरं,” ती म्हणाली.

माणगावच्या अलीकडे रेवाने मामाला व्हिडिओ कॉल लावला. ती त्याची लाडकी. त्याला व्हिडिओ कॉल उचलायला तिनेच शिकवलंय. आरशात मला तिच्या हातातल्या फोनवर मामाचं अर्धं कपाळ दिसत होतं. तो नेहमी अर्धाच दिसतो.

“मामाआजोबा, बघा ना! तुमच्या सीटवर कोण बसलंय!”

तिने फोन फिरवला. माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सुटला. मागून कोणीतरी हॉर्न मारला.

फोनमधून आवाज आला, “बेल्ट घट्ट लावलाय का बघ, बाय. गोल माल. गडगडतो.”

आणखी काही नाही. विलासराव कुठेत, ही सीट रिकामी कशी, एक शब्द नाही. मग म्हणाला, “सुमाकडे कर फोन.” आईला म्हणाला, “पाणी प्यायलीस?” आई म्हणाली, “हो, हो.” मग म्हणाला, “नंद्याला दे.”

“मामा, गाडी चालवतोय मी,” मी पुढूनच ओरडलो.

“ऐक. माणगावच्या पुढे एक पंप आहे, डाव्या हाताला, निळ्या भिंतीचा. तिथे थांब. एकदा थप्पी बघून घे.”

“थप्पी एकदम बरोबर आहे, मामा. एक बॅग हललेली नाही.”

“तरी बघ. दोन मिनिटं.”

“रेंज जातेय, मामा! रेवा, ठेव तो फोन.”

रेवा म्हणाली, “रेंज आहे, बाबा.” मी म्हटलं, “ठेव.”

निळ्या भिंतीचा पंप आला. मी बघितला. पुढे गेलो.

महाडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि सगळी वाहतूक एका बाजूने सोडत होते. आम्ही तिथे अडकलो ते सव्वा तास. पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे खणलेला चर. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. दोनदा म्हणाली, “अजून किती वेळ?” मी म्हटलं, “सुटेल आता.” तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

मग ओमचा आवाज आला. तो आईच्या शेजारी मध्ये बसला होता. “बाबा, सीट ओली झालीय. कलिंगड फुटलं का?”

वृषालीने मागे वळून बघितलं. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. तिने ती आईला द्यायला म्हणून पुढे केली आणि तिथेच उपडी केली, सगळी. आईच्या साडीवर, सीटवर, ओमच्या चड्डीवर.

“अगं बाई! माझा हात बघा कसा तो,” वृषाली म्हणाली. “ओम, तू इकडे माझ्या मांडीवर ये. आई, सॉरी हं. सगळं भिजवलं मी तुम्हाला.”

आईने खिडकीकडचं तोंड वळवलं नाही. मला आरशात फक्त तिचा कान आणि कानामागचे पांढरे केस दिसत होते. माझी आई चौतीस वर्षं शाळेत शिक्षिका होती. तिने चौथीत शिकवलेली मुलं अजून, चाळिशीत, तिच्यासमोर सिगारेट लपवतात.

गाडी सुटल्यावर पहिल्या हॉटेलपाशी थांबलो. वृषाली आणि सुजाता तिला घेऊन मागे गेल्या. आम्ही त्या वर्षी साडेदहा तासांत गावाला पोचलो. ऑफिसात मी तो आकडा अजून कोणाला सांगितलेला नाही.

गावात आई दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तिच्या लहानपणीच्या मैत्रिणी मागच्या दाराने विचारून गेल्या, “सुमाक काय झाला?” प्रवासाने दमलीय, असं आम्ही सांगत होतो. तिसऱ्या दिवशी वृषालीने मला विहिरीपाशी गाठलं. “आई पाणी पीत नाहीयेत. दिवसभरात दोन घोट. परतीच्या प्रवासाची आत्तापासून तयारी चाललीय त्यांची. तू बोल.”

मी खोलीत गेलो. आई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. निवडलेलेच परत निवडत होती. मी समोर बसलो. शेवटी म्हटलं, “आई, सांगायचंस ना गं मला. मी थांबवली असती.”

“मुलाला काय सांगायचं असतं का असलं?” ती वर न बघता म्हणाली. मग आणखी मूठभर तांदूळ पुढे ओढून म्हणाली, “दादा थांबवायचा ना.”

“तो तर थप्पीसाठी...”

आईने वर बघितलं. आता चौथीच्या वर्गात बघायची तसं. “सहा वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं, त्याच्या आधी कधी हलली होती त्याची थप्पी? आठव.”

मी आठवलं. ऑपरेशनच्या आधीची, भाड्याच्या गाडीची ती सगळी वर्षं आठवली. तालीम असायची, खडू असायचा, पण वाटेत ओरडणं नसायचं. पस्तीस वर्षांत गोदामात ज्याची एक थप्पी सरकली नाही, त्याच्या चार बॅगा दर पाऊण तासाने कशा हलतील, हा प्रश्न मला सहा वर्षांत एकदाही पडला नव्हता.

“मी त्याला कधी सांगितलं नाही,” आई म्हणाली. “त्यानेही कधी विचारलं नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या मे महिन्यात वडखळच्या पुढे त्याने माझा चेहरा बघितला आणि ओरडला, थांबव म्हणून. तेव्हापासून तेच. आधी स्वतः मागे जाऊन बघून यायचा. पाणी आहे का, कडी लागते का. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून कमोड आहे का. नसलं की म्हणायचा, इथे नको, पुढे चल.” तिने ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. “तुम्ही सगळे हसायचात त्याला. मीसुद्धा हसायचे तुमच्यात. त्याला चालायचं ते.”

त्यानंतर तिने मला विचारलं नाही की दादाला ऊन खरंच सोसत नव्हतं का. मीही सांगितलं नाही. तिने ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “हे आत दे. आणि तांब्या भरून ठेव इथे.”

येताना मी दर पाऊण तासाला थांबलो. प्रत्येक ठिकाणी आधी मी उतरून मागे जाऊन आलो. दोन ठिकाणी परत येऊन म्हटलं, “इथे नको.” ओम म्हणाला, “बाबा, तुम्ही मामाआजोबांसारखं करताय.” कोणी हसलं नाही. आम्हाला साडेतेरा तास लागले.

मुंबईत आल्यावर मी लालबागला जायचं टाळलं. काजू, आमसुलं आणि फणसाचे गरे रेवाबरोबर पाठवले. तिने येऊन सांगितलं, “आजोबांनी विचारलं, माल नीट पोचला ना.” दुसऱ्या रविवारी पाऊस आहे असं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या रविवारी सांगण्यासारखं काही उरलं नाही.

जिना चढून वर आलो तर गॅलरीत गावडेकाकू आणि पलीकडच्या खोलीतले परबगुरुजी खुर्च्या टाकून बसले होते. काकूंनी मला बघताच सुरू केलं.

“या, या! यंदा बाबलभाऊंनी दगा दिला ना तुम्हाला? मी चांगली हजेरी घेतली त्यांची. म्हटलं, भाचा एवढा गाडी घेऊन दारात यायला तयार, आणि तुम्ही म्हणे कंटाळा आला? आजकाल कोण विचारतं म्हाताऱ्यांना?”

“कंटाळा आला म्हणाला?” मी विचारलं.

“हो ना! ‘मीच नको म्हटलं पोराला’ म्हणे. आणि मग आठ दिवस एकटे बसून. सगळी चाळ गावाला गेलेली. या मजल्यावर आम्ही तीन खोल्या काय त्या उघड्या. रोज संध्याकाळी मला येऊन विचारायचे, आता कुठे पोचले असतील? मी म्हटलं, अहो, पोचून चार दिवस झाले त्यांना! तर म्हणतात, हां, पोचले असतील.”

गुरुजी म्हणाले, “हट्टी माणूस. हातचं सुख घालवलं.”

मी आत गेलो. मामा कॉटवर बसून जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होता. मला बघून त्याचा चेहरा असा काही उजळला की मला परत जिना उतरावासा वाटला.

“नंद्या! बस. वाळलास काय? पाव गाठ होशील अशाने. सुमा कशी आहे?”

“बरी आहे.”

“पाणी पिते ना?”

“पिते.”

“हां.” त्याने घडी दाबून बसवली. “मग झालं.”

मी म्हटलं, “मामा, ते विलासरावांचं...”

“रजा मिळाली नसेल ऐन वेळी,” तो चटकन म्हणाला. माझ्याकडे न बघता, वर्तमानपत्राची कड जुळवत. “कंपनीची नोकरी. होतं असं. त्यात तुझा काय दोष? चहा टाकतो, थांब.”

त्याने माझ्यासाठी निसटायचं दार उघडून ठेवलं होतं. मी फक्त बाहेर पडायचं होतं. आणि मी पडलो. “हो,” मी म्हटलं, “ऐन वेळी नाही मिळाली रजा.”

चहा प्यालो. त्याने बिस्किटाचा पुडा फोडला, अर्धा मला मुलांसाठी बांधून दिला. गावात कोणाचं घर झालं, कोणाची विहीर आटली, सगळं विचारून घेतलं. त्याच्या गावाची प्रत्येक बातमी तो माझ्याकडून, दोन हात गुडघ्यांवर ठेवून, लहान मुलासारखा ऐकत होता. अर्ध्या तासाने मी उठलो, काकूंना नमस्कार केला आणि जिना उतरलो. रस्त्यावर येऊन गाडीचं दार उघडलं, आत बसलो. किल्ली लावली. आरशात मागची रिकामी सीट दिसली.

किती वेळ बसलो ते ठाऊक नाही. डंकवाल्याने येऊन काचेवर टकटक केलं, “साहेब, टेम्पो लावायचाय, जाताय ना?” मी ‘दोन मिनिटं’ म्हटलं, गाडीतून उतरलो आणि परत वर गेलो.

मामा गॅलरीत आला होता. मी गेल्यावर तो कठड्याशी उभा राहून गाडी निघायची वाट बघत असतो, हे मला त्या दिवशी कळलं. “काय रे? काय विसरलास?” त्याने विचारलं. काकू आणि गुरुजी तिथेच होते.

“मामा, रजेचा काही प्रश्न नव्हता.”

“असू दे, असू दे. आत ये आधी.” त्याने माझा दंड धरला. “आत ये, सगळे ऐकतायत.”

“ऐकू देत.” माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा आला. काकूंनी गॅलरीतल्या पाण्याच्या टाकीवरून पातेलं उचललं होतं, ते त्या तशाच धरून राहिल्या. “विलासराव येणारच नव्हते. गाडीत जागा होती. मी तुझ्याशी खोटं बोललो. तू यांना सांगितलंस कंटाळा आला. तुला कंटाळा आला नव्हता मामा, मला आला होता. तुझा.”

दंडावरची त्याची पकड सैल झाली. त्याने काकूंकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं आणि खाली बघायला लागला. गुरुजी खुर्चीतून उठले आणि आपल्या खोलीत गेले. काकूही आत गेल्या. दार मात्र त्यांनी लावलं नाही.

पुढचं चाळीने ऐकायचं नव्हतं. मी त्याच्या जवळ गेलो आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोललो.

“आणि आईला काय होत होतं ते तुला दिसलं. मला नाही दिसलं. फोनवर सांगत होतास तेव्हाही मी ऐकलं नाही. चुकलो, मामा. मला माफ कर.”